लहान बोअर आणि मोजकं बजेट

पॉइंट टू-टू रायफल जमवायची ठरवली की पहिला प्रश्न बॅरलचा नसतो, कायद्याचा असतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं तेरावं कलम वाचलं की ही रायफल आपल्याकडे कुणासाठी आहे ते चटकन कळतं. या कलमात तीन प्रसंग नावानिशी दिले आहेत. शेतकऱ्याला पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक. स्वसंरक्षणासाठी किंवा खेळासाठी किमान वीस इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली बंदूक. आणि पॉइंट टू-टू रायफल किंवा एअर रायफल, तीही मान्यताप्राप्त रायफल क्लबाच्या सदस्याला, निशाणावर सराव करण्यासाठी. एरवी अर्जदाराला सबळ कारण पटवून द्यावं लागतं. थोडक्यात, पिकाची राखण कायद्याने ठासणीच्या बंदुकीकडे सोपवली आणि लहान बोअरची रायफल नेमबाजाकडे.

हे आधीच सांगायचं कारण असं की, कमी खर्चात स्वतःच्या पसंतीची लहान बोअरची रायफल 'बांधायची' ही कल्पना सुरतेतल्या आपल्या तरुणांपर्यंत येते ती बहुतेक अमेरिकेतून. तिकडच्या गवताळ मुलखात प्रेअरी डॉग नावाचा बिळं करणारा प्राणी, कुरणं पोखरणारा वुडचक, वासरांवर टपलेला कायोटी, यांना गोळी घालणं हा रँचवाल्याच्या रोजच्या कामाचा भाग आहे. त्यासाठी तिथे रायफलींची एक वेगळी जातच तयार झाली. जाड बॅरल, वर दुर्बीण, हलकी पण वेगवान गोळी. १९३० च्या सुमाराची .२२ हॉर्नेट ही तिच्या जुन्या काडतुसांपैकी एक, तर .१७ एचएमआर हे २००२ मधलं अलीकडचं. तिथे एकाकडून अ‍ॅक्शन (काडतूस भरण्या-उडवण्याची यंत्रणा), दुसऱ्याकडून बॅरल, तिसऱ्याकडून स्टॉक (दस्ता) घेऊन माणूस घरच्या गॅरेजमध्ये रायफल जुळवतो.

सुरतेत बसून हा बेत जसाच्या तसा उचलता येत नाही, आणि दोन्ही टोकांनी अडतो. परवान्याशिवाय बंदूक बनवणं किंवा तिच्यात फेरफार करणं हा गंभीर गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना शस्त्रनिर्मितीला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. दुसरं टोक प्राण्याचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला परवाना काढून शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने तीही वाट बंद केली. याच कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात पीडक प्राण्यांची छोटी यादी होती. कावळा, फळं खाणारी वटवाघळं, उंदीर, घूस. सुरतेला त्या यादीतल्या उंदराची ओळख वेगळ्याने करून द्यायला नको. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या बातमीने हे शहर रिकामं होऊ लागलं, तेव्हा रेल्वे स्टेशनवर उसळलेल्या गर्दीत खानदेशातून पोटासाठी आलेली, उधना-लिंबायतकडे राहणारी मराठी कुटुंबंही होती. उंदराचा बंदोबस्त झाला तो कचरा उचलून, गटारं साफ करून. १९९५ पासून एस. आर. राव या आयुक्तांनी शहराची जी सफाई केली तिची चर्चा देशभर झाली. त्यात बंदुकीचं काही काम नव्हतं.

२०२२ च्या दुरुस्तीने ते पाचवं परिशिष्टच काढून टाकलं. १ एप्रिल २०२३ पासून ते नाही. आता एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात, ठरावीक मुदतीसाठी पीडक ठरवायचं तर केंद्र सरकारची अधिसूचना लागते. शेतात घुसणारं रानडुक्कर किंवा नीलगाय मारायची तर वन्यजीव विभागाच्या अधिकाऱ्याचा कारणांसह लेखी आदेश लागतो. बिहारला अशी अधिसूचना मिळाली होती. जून २०१६ मध्ये मोकामा भागात दोनशेहून जास्त नीलगाई मारल्या गेल्या, आणि त्यावरून पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर आणि मनेका गांधी या एकाच मंत्रिमंडळातल्या दोन मंत्र्यांत जाहीर वाद झाला. रात्रीत उसाचा फड आडवा झालेला शेतकरी कोणत्या संतापाने बोलतो हे मला समजतं, त्याच्या नुकसानीला मी कमी लेखत नाही. पण पॉइंट टू-टू त्याच्या उपयोगाची नाही. अडीच ग्रॅमच्या शिशाच्या गोळीने रानडुक्कर जागच्या जागी मरत नाही. जखम घेऊन झाडीत शिरतं आणि कित्येक दिवस तडफडतं. ज्याच्या हाती कायदेशीर आदेश आहे त्यानेही हे करू नये.

म्हणून या प्रकरणात आपण ती रायफल घेऊ जी सुरतेतल्या मध्यमवर्गीय घराला कायद्याने आणि खिशाने शक्य आहे: क्लबाच्या सदस्याची, ५० मीटरवरच्या कागदी निशाणासाठीची पॉइंट टू-टू. हिच्यातही जुळवाजुळव भरपूर आहे, आणि अमेरिकन गॅरेजमधल्या जुळवाजुळवीपेक्षा ती जास्त बारकाईची आहे.

या काडतुसाचं मूळही शिकारीत नाही. १८४५ च्या सुमाराला लुई-निकोला फ्लोबेर नावाच्या फ्रेंच बंदूककाराने एक चिमुकलं काडतूस बनवलं ते दिवाणखान्यात बसून निशाणा साधायला. त्यावरून अमेरिकेत १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने .२२ शॉर्ट काढलं आणि १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने .२२ लाँग रायफल. आज ऑलिम्पिकमध्ये वापरतात ते हेच काडतूस, जवळजवळ सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या मापाचं. याचा विस्फोटक मसाला मधोमध नसतो, पितळी कडेच्या पोकळीत भरलेला असतो. कड ठेचली की काडतूस उडतं, आणि ठेचलेलं काडतूस पुन्हा भरता येत नाही. मोठ्या बोअरचा हौशी माणूस घरी काडतुसं भरून पैसे वाचवतो, ती सोय इथे नाही. कारखान्यातून जशी आली तशी वापरायची. बजेटचं सगळं गणित या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं, ते पुढे पाहू.

गुजरातेतल्या मराठी माणसाने या खेळाकडे परका खेळ म्हणून पाहू नये, याला एक खास कारण आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही देशाची शिखर संघटना १९५१ मध्ये उभी राहिली ती दादासाहेब मावळंकरांच्या पुढाकाराने. गणेश वासुदेव मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष. घराणं मूळ रत्नागिरी जिल्ह्यातलं, जन्म १८८८ मध्ये बडोद्याचा, वकिली आणि सार्वजनिक आयुष्य अहमदाबादचं. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेल्या या गांधीवादी माणसाला सामान्य नागरिकाने शिस्तीत, कायद्याच्या चौकटीत रायफल शिकावी असं वाटलं, हे मला फार मोलाचं वाटतं. परक्या सरकारने ज्या जनतेच्या हातातून शस्त्र काढून घेतलं तिला ते परत देताना त्याच्यासोबत नियम आणि मैदानही दिलं पाहिजे, असा तो विचार असावा. राष्ट्रीय स्पर्धेच्या पायरीवर जी अखिल भारतीय स्पर्धा खेळावी लागते, ती आजही जी. व्ही. मावळंकर स्पर्धा याच नावाने होते.

आता खर्चाकडे. पहिला पैसा रायफलीवर घालू नये. सुरतेसारख्या दाट वस्तीच्या शहरात १० मीटरची एअर रायफल रेंज एखाद्या हॉलमध्ये बसते. ५० मीटरची रेंज बसत नाही, तिला मोकळी जागा आणि मागे गोळ्या अडवणारा भक्कम बंधारा लागतो. त्यामुळे क्लबात नाव घालण्याआधी एवढंच विचारावं, की इथे ५० मीटर आहे का, नसेल तर सदस्य सरावाला कुठे जातात. दर आठवड्याच्या प्रवासाचा खर्च वर्षाअखेर जॅकेटच्या किमतीएवढा होऊ शकतो. तोवर एअर रायफलवर शिकावं. ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० जूलपेक्षा कमी शक्तीच्या एअर रायफलला शस्त्रपरवाना लागत नाही, पेलेट काडतुसापेक्षा कितीतरी स्वस्त असतो, आणि शरीराला जी शिस्त लागायची ती तिथेच लागते. एक गोष्ट मुलांना पहिल्या दिवशी सांगून ठेवावी: परवाना लागत नाही म्हणून कबुतरावर, पोपटावर नेम धरायचा नाही.

मग परवाना. सुरत शहरात तो पोलीस आयुक्तांकडून मिळतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडून. क्लबाचं सदस्यत्व, प्रशिक्षणाचा दाखला, घरात शस्त्र कुलूपबंद ठेवायची सोय, पोलीस पडताळणी, हे सगळं होता होता महिने जातात. तेवढे दिवस क्लबाच्या रायफलवर हात बसतो आणि आपल्याला नेमकं काय हवंय ते कळतं. मला वाटतं हा उशीर नवख्याच्या फायद्याचाच आहे. घाईने रायफल घेणारे बहुतेकजण दुकानदाराच्या उंचीची रायफल घेतात.

रायफलीत काय पाहायचं? एनसीसीतून आलेल्यांना आपल्या आयुध निर्माणीच्या पॉइंट टू-टूची ओळख असते. कोलकात्याजवळच्या ईशापूरच्या कारखान्यातल्या या रायफलवर पाया चांगला होतो, पण स्पर्धेत तिची मजल मर्यादित. तिथे जर्मनीची नावं ऐकू येतात: उल्म गावची आन्शुट्झ आणि वाल्थर, ओबर्नडॉर्फची फाइनवेर्कबाऊ. नवी घेतली तर किंमत लाखांत. पण लहान बोअरचं बॅरल सहसा झिजून संपत नाही. गोळी शिशाची, मेण लावलेली, वेग कमी, दारू चिमूटभर. नीट राखलेलं बॅरल हजारो गोळ्यांनंतरही नेम सोडत नाही. म्हणून मोजक्या पैशात उत्तम मार्ग म्हणजे वरच्या गटात गेलेल्या किंवा खेळ सोडलेल्या नेमबाजाची जुनी आन्शुट्झ. तिची ५४ क्रमांकाची अ‍ॅक्शन अनेक दशकांपासून स्पर्धेत आहे आणि वीस-पंचवीस वर्षांची असली तरी तिच्यात अर्थ असतो. व्यवहार परवान्यावर, रायफलीच्या नंबरासह, रीतसर नोंदवूनच करायचा. घेण्याआधी बॅरलच्या तोंडाशी ओरखडा आहे का ते पाहावं. गोळी शेवटचा निरोप घेते ती तिथेच, आणि तिथली कड एका बाजूने दबली असली तर बाकी सगळं ठीक असूनही गोळ्या विखुरतात.

दुर्बिणीचा खर्च नाही, कारण या प्रकारात दुर्बीण चालत नाही. मागे बारीक छिद्राची डायॉप्टर साइट, पुढे कडं, आणि कड्याच्या मधोमध काळं निशाण. दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर. म्हणजे ५० मीटर लांब शर्टाचं बटण.

आता ज्याला खरोखर 'कस्टम' म्हणावं ते काम. बॅरल आणि अ‍ॅक्शनला हात लावायचा नाही. बदलायचा तो स्टॉक. अ‍ॅल्युमिनियमच्या स्टॉकला बट प्लेट, गालाची पट्टी, पकड, हाताचा टेका, सगळ्याला स्क्रू असतात. पाच फुटांच्या मुलीला आणि सहा फुटांच्या मुलाला तीच रायफल वेगवेगळी बसवता येते. रायफल आपल्या अंगाला बसली की नाही हे तपासायची एक जुनी युक्ती प्रत्येक चांगला प्रशिक्षक शिकवतो. पालथं पडून स्थिर व्हायचं, निशाण कड्यात घ्यायचं, डोळे मिटायचे, दोन-तीन श्वास सोडायचे आणि डोळे उघडायचे. निशाण कड्याच्या बाहेर डावीकडे दिसलं, तर हातांनी रायफल डावीकडे ढकलायची नाही. डाव्या कोपराभोवती सगळं शरीर किंचित फिरवायचं. पुन्हा डोळे मिटायचे. गालाची पट्टी दोन मिलिमीटर खाली असली तर डोळा छिद्रामागे आणायला मान ताणावी लागते, आणि ताणलेली मान चाळिसाव्या गोळीला थरथरते. तेव्हा ती पट्टी वर घ्यायची आणि कितीवर ठेवली ते वहीत लिहायचं. स्टॉकवर पेन्सिलने खूण केली तरी चालते. या कामाला लागतात अ‍ॅलन की, वही आणि दोन महिने. पैसा जवळजवळ लागतच नाही. आणि गुण सर्वांत जास्त इथेच वाढतात.

जुना लाकडी स्टॉक असेल तर तोही टाकून द्यायची घाई नको. सुतारकाम येणारा माणूस गालाखाली थर चढवून देतो. फक्त सगळं मिळून वजन नियमात राहिलं पाहिजे. पुरुष असो की महिला, ५० मीटर रायफलसाठी आठ किलो ही मर्यादा आहे, एअर रायफलसाठी साडेपाच.

कपड्यांवर मात्र खर्च करावा. कॅनव्हास-चामड्याचं कडक जॅकेट पाठीच्या कण्याला आधार देतं. त्याच्या जाडीला नियम आहे, एका पदराला अडीच मिलिमीटर, म्हणून दुसऱ्याचं जुनं जॅकेट घेताना ते अंगाला बसतंय ना आणि मापात आहे ना, दोन्ही पाहावं. सुरतेच्या मे महिन्यात ते घालून तासभर उभं राहणं सोपं नाही, पण स्पर्धाही त्याच उकाड्यात होतात.

आता ते वर म्हटलेलं गणित. पॉइंट टू-टूमध्ये रायफल एकदा घ्यायची असते आणि गोळ्या आयुष्यभर. त्यातही प्रत्येक बॅरलला स्वतःची आवड असते. एकाच कंपनीची, एकाच नावाची गोळी, पण वेगळ्या दिवशी वेगळ्या घाण्यात तयार झाली की तिचा लॉट नंबर बदलतो. कडेतल्या मसाल्याचा थर, दारूचे कण, मेणाचा लेप, शिशाचा घट्टपणा, यांत केसाएवढा फरक पडतो. तो फरक ५० मीटरवर दिसतो. म्हणून नेमबाज लॉट तपासतात: रायफल पोलादी शिकंज्यात घट्ट बसवून प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या झाडतात आणि झालेला ग्रुप, म्हणजे छिद्रांचा पुंजका, मोजतात. जुळलेल्या लॉटचा ग्रुप पंधरा मिलिमीटरच्या आसपास येतो. न जुळलेल्याचा त्याच्या दुप्पटही होऊ शकतो. नेमबाजाचा हात तोच, पण चार गोळ्या नऊमध्ये. इंग्लंडची एली, फिनलंडची लापुआ, जर्मनीची आरडब्ल्यूएस, सगळ्यांच्या महागड्या आणि मध्यम अशा दोन्ही श्रेणी असतात. महाग डब्यातल्या न जुळलेल्या लॉटपेक्षा मध्यम डब्यातला जुळलेला लॉट बरा, हे मी ठामपणे सांगेन. जुळला की त्याच नंबराचे जितके डबे परवान्याच्या मर्यादेत बसतात तितके घ्यावेत. सगळ्या गोळ्या त्याच नकोत: रोजच्या सरावाला स्वस्त गोळी, स्पर्धेच्या आधी पंधरवडाभर चांगली. मात्र डबा बदलल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्यांवर विश्वास ठेवू नये. बॅरलमध्ये आधीच्या गोळीचं मेण असतं, नवं मेण बसेपर्यंत ग्रुप भटकतो.

या गोळीचा वेग मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा कमी ठेवतात, सेकंदाला सुमारे सव्वातीनशे मीटर. त्याहून वेगवान गोळी वाटेत आवाजाच्या वेगाच्या खाली येताना डळमळते. ५० मीटर जायला तिला सेकंदाचा साधारण सहावा भाग लागतो. तेवढ्यात तापीवरून येणारा खाडीवारा तिला दहामधून आठमध्ये नेऊ शकतो. म्हणून रेंजवरच्या झेंड्यांकडे पाहायला शिकणं, हाही बजेटचाच भाग आहे. ते फुकट आहे.

सुरतेचा पावसाळा मात्र फुकट सुटत नाही. दमट हवेत बॅरल आतून आठवड्यात गंज धरू शकतं. सराव झाला की बॅरलमधून कापडाची चिंधी ओढावी, तेलाचा पुसट हात द्यावा, आणि पुढच्या सरावाआधी ते तेल कोरड्या चिंधीने काढावं. रायफल फोमच्या पेटीत तशीच बंद ठेवायची नाही. फोम ओल धरून ठेवतो. गोळ्यांचे डबे पत्र्याच्या पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, थंड खोलीत ठेवावेत. उन्हात उभ्या कारच्या डिकीत राहिलेल्या गोळ्यांचं मेण वितळून खाली बसतं, आणि मग एवढा खटपटीने जुळवलेला लॉट वाया जातो.

एवढी काटकसर करून माणूस कुठे पोचतो? कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यात कांबळवाडी हे छोटं गाव आहे. तिथला स्वप्नील कुसाळे राज्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून नेमबाजीत आला, २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, शातोरूच्या रेंजवर ५० मीटर थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत त्याने गुडघ्यावर बसून १५ गोळ्यांत १५३.३ केले, पालथं पडून १५ गोळ्यांत १५६.८, आणि उभं राहून १४ गोळ्यांत १४१.३. एकूण ४५१.४ आणि कांस्यपदक. या प्रकारात भारताला मिळालेलं हे पहिलं ऑलिम्पिक पदक. बसून आणि पालथं पडून झालं तेव्हा तो पाचवा होता; उभ्या गोळ्यांनी त्याला तिसऱ्यावर नेलं. उभ्या स्थितीत त्याची सरासरी दहाच्या जरा वर आहे, म्हणजे बहुतेक गोळ्या दहाच्या आतच. उभ्या माणसाच्या हातात आठ किलोंपर्यंतचं वजन, समोर बटणाएवढं निशाण.

त्याच्याही आधी कोल्हापूरची तेजस्विनी सावंत. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं पडून) ती जगज्जेती झाली, नेमबाजीत जागतिक अजिंक्यपद मिळवणारी पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत थ्री पोझिशनच्या जोडीत तिने रौप्य जिंकलं ते गुजरातच्या लज्जा गोस्वामीसोबत. सुरतेतल्या मराठी घरातली मुलगी उद्या रेंजवर उतरली तर तिच्या शेजारच्या लेनमध्ये कुणी गुजराती मुलगी असेल, आणि दोघींना एकाच लॉटचे डबे निम्मे-निम्मे वाटून घेता येतील का, हे आधी परवान्यावर पाहून घ्यावं लागेल. काडतुसं परवान्यावर नोंदलेली असतात. एकीच्या परवान्यावरचे डबे दुसरीला हातउसने देता येत नाहीत. दोघींनी मिळून विक्रेत्याकडे एकाच लॉटची मागणी नोंदवावी आणि आपापल्या परवान्यावर वेगळे डबे घ्यावेत. लॉट तपासायचा खर्च मात्र एकदाच होत नाही: शेजारणीच्या रायफलला जो जुळला तो आपल्या रायफलला जुळेलच असं नाही.